इंजेक्शनच्या नावात सापडलेला कवी

माझ्या मामांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यांना अधूनमधून एक इंजेक्शन द्यायचे, एरिथ्रोपोएटिन नावाचं, सगळे नुसतं ईपीओ म्हणतात. किडनी बिघडली की रक्त कमी होतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. खरं तर ते एक हार्मोन आहे, आपली किडनीच ते बनवते आणि बोनमॅरोला निरोप देते की लाल पेशी तयार करा, किडनी थकली की हा निरोपच जात नाही आणि मग तो बाहेरून द्यावा लागतो. तर बाहेर बाकावर बसून मी त्या खोक्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते आणि एकदम दिसलं, अरे, यात तर पोएट आहे!

आणि खरंच आहे. ग्रीकमध्ये पोइएइन म्हणजे करणं, बनवणं. जो बनवतो तो पोइएतेस, तोच लॅटिनमधून फिरत फिरत इंग्लिशमध्ये पोएट झाला. म्हणजे ग्रीक माणूस कवीला सरळ 'बनवणारा' म्हणायचा. इंजेक्शनच्या नावातला एरिथ्रोस म्हणजे लाल, आणि तो आपल्या रुधिर शब्दाचा सख्खा भाऊ आहे, कारण ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या भाषेतून फुटलेल्या बहिणी. पोइएइनच्या मागे जो जुना धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, मानतात त्याचा अर्थ थर लावणं, रचणं असा, संस्कृतात तोच चि, चिनोति, ज्यातून चिता आणि संचय आले आणि मराठीत चिणणे. भिंतीत चिणणे म्हणतो ना आपण, तेच. गवंडी दगडावर दगड ठेवतो आणि कवी शब्दावर शब्द, दोघांचं काम एकाच धातूतून निघालं हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते.

त्यानंतर मला नादच लागला, क्रिएटिव्हिटीबद्दलचे जेवढे इंग्लिश शब्द आहेत ते उकलून बघायचा. क्रिएट लॅटिन क्रेआरेवरून, म्हणजे निर्माण करणं, जन्माला घालणं, आणि वाढणं या अर्थाचा क्रेस्केरे त्याचा जवळचा नातेवाईक. वाढत्या चंद्रकोरीचा क्रेसेंट त्यातलाच, चढत जाणाऱ्या सुरांचा क्रेसेंडोही, आणि काँक्रीटसुद्धा, कारण ते एकत्र वाढून घट्ट झालेलं. पण ख्रिस्ती युरोपात शेकडो वर्षं क्रिएट करणं हे फक्त देवाचं काम मानलं जायचं, माणसाने करायचं ती कारागिरी. क्रिएटिव्हिटी हा अभ्यासाचा विषय म्हणून तर फारच उशिरा आला. 1950 साली जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषणात हिशोब मांडला की मागच्या 23 वर्षांत नोंदलेल्या मानसशास्त्रातल्या सुमारे 1,21,000 लेखांपैकी फक्त 186 या विषयावर आहेत.

मला जास्त भिडतात ते हातकामाचे शब्द. फिक्शन घ्या. लॅटिन फिंगेरे म्हणजे माती मळून आकार देणं, कुंभार करतो ते. फिगर शब्दही त्यातलाच. मूळ धातू साधारण धेघ्‌ असा असावा आणि संस्कृतात त्याचं झालं दिह्‌, त्यातून देह. म्हणजे फिक्शन आणि देह, दोन्ही मळून घडवलेले!

आता कुणीही विचारेल की फ आणि द कुठे जुळतात, उगाच ओढूनताणून कशाला. शंका बरोबर आहे, फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये असले ओढूनताणून लावलेले संबंध खूप असतात. पण इथे नियम आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा जुना ध लॅटिनमध्ये फ होतो, आपला धूम तिथे फूमुस आहे. मग देहात ध का नाही, द का? याचं उत्तर 1863 मध्ये हेरमान ग्रासमान यांनी दिलं. लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण आले, म्हणजे ध-घ, भ-ध असे जोर देऊन उच्चारायचे, तर संस्कृत पहिल्याचा जोर काढून टाकते. हे ग्रासमान श्टेटिनच्या शाळेत मास्तर होते, आणि आज इंजिनिअरिंगची मुलं जे लिनियर अल्जिब्रा शिकतात त्यातल्या मूळ कल्पना त्यांनी 1844 सालीच मांडल्या होत्या, पण कुणाला त्या समजल्याच नाहीत म्हणून हा माणूस संस्कृतकडे वळला आणि पुढे ऋग्वेदाचा अख्खा कोश करून ठेवला. क्रिएटिव्हिटीवर लिहिताना मला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सुचत नाही.

असेच आणखी नियम आहेत. लॅटिनमध्ये ए किंवा ओ असतो तिथे संस्कृतात अ येतो, म्हणून नोवुस तिथे आणि नव इथे (इनोव्हेशन त्यातूनच), देकेम आणि दश. नियमात बसत नसेल तर शब्द कितीही सारखा दिसो, सोडून द्यायचा. लॅटिन देउस आणि आपला देव खरोखर एक आहेत. पण एन्थुझिॲझममध्ये जो ग्रीक थेओस आहे, 'अंगात देव आलेला' अशा अर्थाचा, तो अर्थाने देव असूनही देव शब्दाचा कुणी लागत नाही. सारखेपणा फसवतो, नियम फसवत नाही.

आर्किटेक्टमधला तेक्तोन म्हणजे सुतार, संस्कृतात तक्षन्‌, आणि त्याच्याच तक्ष्‌ धातूपासून मराठीत तासणे. सुतार वाकसाने लाकूड तासतो ते. आर्टच्या मुळाशी जोडणं, सांधा बसवणं आहे, म्हणून आर्ट, सांध्यांच्या दुखण्याचा आर्थ्रायटिस आणि सुरांची हार्मनी ही एकाच घरातली भावंडं.

जीनियस मात्र हातातून येत नाही, जन्मातून येतो. रोमन लोकांच्या समजुतीत प्रत्येक पुरुषासोबत जन्मणारा एक रक्षक आत्मा म्हणजे गेनिउस, धातू आपला जन्‌, लॅटिनचा ग तिथे संस्कृतचा ज. त्याच घरातला इंगेनिउम म्हणजे उपजत हुशारी, मग हुशारीने केलेलं यंत्र, म्हणून इंजिन, आणि किल्ले फोडायची यंत्रं करणारा तो इंजिनिअर. 1909 मध्ये योहानसेन या शास्त्रज्ञाने जीन हा शब्द काढला तोही याच कुळातून, ग्रीकच्या बाजूने.

आणि माझा सगळ्यात आवडता, फँटसी. ग्रीक फंतासिया, त्याच्या मागे प्रकाशणे अर्थाचा धातू, ग्रीकचा फ म्हणजे आपला भ, तर तो धातू भा. प्रभा, भानू, भास आणि प्रतिभा! आपले जुने काव्यशास्त्री प्रतिभेला नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा म्हणायचे, सतत नवं नवं उमलवणारी बुद्धी, आणि ग्रीक ज्याला फंतासिया म्हणत होते त्याच्यातही तोच उजेड आहे. मला हे वाचून खरंच भरून आलं.

ग्रीकांच्या नऊ म्यूझ, कलांच्या देवता, ज्यांच्यावरून म्युझिक आणि म्युझियम आले, त्यांची आई म्नेमोसिने, म्हणजे स्मृती. तिच्या नावातला धातू मन्‌, आपलं मन. कल्पनेची आई स्मृती कशी, स्मृती तर जुन्याची असते, असं मला आधी वाटायचं. पण 2007 मध्ये डेमिस हसाबिस आणि एलेनॉर मॅग्वायर या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने लंडनमध्ये अशा पाच रुग्णांना तपासलं ज्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस खराब होऊन स्मृती गेली होती. हाही ग्रीक शब्द, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून दिलेला. त्यांना सांगितलं की तुम्ही एका सुंदर किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत पडून आहात असं समजा आणि काय दिसतं ते बोला. पाचपैकी चौघांना चित्र नीट उभंच करता येईना. एकाला आवाज ऐकू येत होते, समुद्राचा, पक्ष्यांचा, पण डोळ्यांपुढे आकाश सोडून फारसं काही नव्हतं.