ड्राइव्हमधील अचूकता (गोल्फ)

गोल्फमध्ये टीवरून (चेंडू ठेवण्याच्या खुंटीवरून) मारलेला पहिला लांब फटका (ड्राइव्ह) फेअरवेच्या, म्हणजे मैदानातील मुख्य पट्ट्याच्या, कापलेल्या गवतात उतरवण्याचे कौशल्य. पार-४ व पार-५ (अनुक्रमे चार व पाच फटके अपेक्षित असलेल्या) होलवर किती ड्राइव्ह फेअरवेवर थांबले, याच्या टक्केवारीने ते मोजतात. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत १९८० पासून ही नोंद ठेवली जाते. कॅल्व्हिन पीट हा खेळाडू १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षे तीत अग्रस्थानी होता. लहानपणी मोडलेल्या कोपरामुळे त्याचा डावा हात पूर्ण सरळ होत नसे. उजव्या खेळाडूचा डावा हात ताठ हवा, हा शिकवणुकीतील नियम त्यामुळे निरपवाद मानता येत नाही.

चेंडूच्या दिशेची मीमांसा : क्लब (चेंडू मारण्याची काठी) व चेंडू यांचा संपर्क सु. अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात ठरलेली दिशा नंतर बदलता येत नाही. चेंडू हवेत वळण का घेतो, याचा शास्त्रीय विचार एडिंबरो विद्यापीठातील भौतिकीविज्ञ पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात केला. उलट फिरकीमुळे चेंडू अधिक काळ हवेत राहतो आणि फिरकीचा अक्ष कलला की तो बाजूला वळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा मुलगा फ्रेडी दोनदा (१८९६, १८९८) ब्रिटिश हौशी विजेता झाला. बापाने गणिताने ठरवलेली अंतराची कमाल मर्यादा मुलाने मैदानावर मोडली, ही कथा रंजक आहे, परंतु विश्वसनीय वाटत नाही.

चेंडू निघतो कोणत्या दिशेने, याविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. चेंडू स्विंगच्या (क्लब फिरवण्याच्या) मार्गाने सुटतो व पुढे क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) ज्या बाजूला असेल तिकडे वळतो, असे विसाव्या शतकात बहुतेक प्रशिक्षक शिकवीत. ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांच्या ब्रिटनमधील अभ्यासातून (१९६८) आणि पुढे थिओडोर जॉर्गेनसन या अमेरिकी भौतिकीविज्ञाच्या मांडणीतून वेगळे चित्र दिसले. सुटण्याची दिशा प्रामुख्याने क्लबफेस ठरवतो. फेस व मार्ग यांतील कोनामुळे फिरकीचा अक्ष कलून वळण मिळते. रडारवर चालणाऱ्या मापनयंत्रांनी या मताला पुष्टी दिली असून ड्रायव्हर या सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या बाबतीत फेसचा वाटा सु. ८०–८५ टक्के धरतात. हेच मत आता ग्राह्य मानावे लागते, जरी जुना नियम गोल्फ संस्थांच्या सराव-मैदानांवर अजून ऐकू येतो. २३० मी. फटक्यात सुटण्याच्या दिशेतील १° चूक सु. ४ मी. विचलन घडवते, वळणाचा भाग त्यात धरलेला नाही.

फेसचा फुगवटा : वरील विवेचन फटका फेसच्या मध्यावर बसला असे गृहीत धरते. चेंडू फेसच्या टोकाकडे (दांड्यापासून दूरच्या कडेकडे) लागला तर क्लबचे डोके वळते आणि परस्परांत गुंतलेल्या दंतचक्रांप्रमाणे चेंडूला विरुद्ध फिरकी मिळते. उजव्या खेळाडूचा असा चेंडू डावीकडे वळतो, टाचेकडे (दांड्याजवळच्या कडेकडे) लागलेला उजवीकडे. म्हणून ड्रायव्हरचा फेस आडवा किंचित बहिर्वक्र ठेवतात. त्यामुळे टोकाचा चेंडू आधी उजवीकडे सुटून मग मध्याकडे परततो. अशा ‘बल्जर’ क्लबचा उगम साधारणतः १८८० च्या दशकातला. त्याचे श्रेय काही लेखक विंबल्डनचे हौशी खेळाडू हेन्री लँब यांना देतात, तर मसलबराचे विली पार्क (धाकटे) यांचाही दावा होता. पार्क क्लब बनवणारे, शिवाय १८८७ व १८८९ चे ब्रिटिश ओपन विजेते असल्याने प्रसाराचे श्रेय त्यांच्याकडे अधिक जाते. कल्पनेच्या बाबतीत लँब यांचा पक्ष सबळ दिसतो. लाकडी डोक्यांच्या काळातील ही युक्ती आजच्या ४६० घ. सेंमी. मर्यादेच्या टायटॅनियम डोक्यांतही टिकून आहे.

सुधारणेचे उपाय : अचूकता हवी असेल तर आधी फेस, मग मार्ग, असा क्रम वरील मीमांसेतून निघतो. स्लाइस (उजव्या खेळाडूचा उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याने पकड किंचित उजवीकडे फिरवली, तर फेस बंद होण्यास (डावीकडे वळण्यास) मदत होते. चेंडू डाव्या पायाच्या टाचेच्या रेषेत आणि साधारण अर्धा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसेल इतकी टी उंच, ही मांडणी प्रचलित आहे. पकड दांड्यावर थोडी खाली घेतल्यास मध्यावर फटका बसण्याची शक्यता वाढते. सु. १५° लॉफ्टच्या (फेस मागे कलण्याच्या कोनाच्या) ३-वूड या क्लबवर उलट फिरकी जास्त असल्याने अक्ष कमी कलतो. अरुंद होलवर तोच निवडण्याचा प्रघात आहे.

अंतर की अचूकता, या वादात कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या नोंदींवरून व्यावसायिकांच्या बाबतीत अंतराचे पारडे जड ठरवले. येथे फेअरवे-टक्केवारीची उणीव लक्षात घ्यावी लागते : रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) पाऊलभर गेलेला चेंडू आणि हद्दीबाहेर गेलेला चेंडू तीत सारखेच मोजले जातात. दुसऱ्याला दंडाचा एक फटका पडतो व पुन्हा टीवरूनच मारावे लागते, हौशी खेळाडूचे खरे नुकसान तेथे होते. टी-क्षेत्र दोन क्लब-लांबी खोल असते आणि दोन खुणांच्या दरम्यान कोठेही चेंडू ठेवता येतो. स्लाइसची सवय असलेले जाणकार खेळाडू उजव्या खुणेजवळून डावीकडे नेम धरतात.