घरच्या लेथवर एअर रायफल बनवायची आहे? आधी परवान्याचं समजून घ्या

भांडुपला आमच्या गाळ्यात धातू वळायची एक जुनी बेंच लेथ आहे. रविवारी आयटीआयची दोन-तीन मुलं तिथे हात साफ करायला येतात. त्यातल्या एकाने मागे वहीत काढलेलं चित्र दाखवलं. एअर रायफल होती. नळी, व्हॉल्व्ह, हवेची टाकी, सगळं मापांसकट. चित्र खरंच सुबक होतं. "काका, सीमलेस पाइप नागदेवीच्या बाजारात मिळेल ना?" असं त्याने विचारलं. मी वही मिटून परत दिली आणि म्हटलं, पाइप नंतर, आधी कायदा वाचू. त्या दिवशी जे वाचलं आणि पुढे जे कागद जमवले, ते इथे सविस्तर लिहितो. हाच प्रश्न मला अजूनही कोणी ना कोणी विचारत असतं, आणि चुकीचं उत्तर मिळालं तर त्या मुलाचं आयुष्य नासेल.

पहिला गैरसमज असा, की दारू नाही, काडतूस नाही, म्हणजे ही बंदूकच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे. स्फोटकाने किंवा इतर कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने प्रक्षेप्य (गोळी, छर्रा वगैरे) फेकण्यासाठी बनवलेलं कोणतंही शस्त्र त्या व्याख्येत बसतं. दाबलेली हवा किंवा ताणलेली स्प्रिंग ही ऊर्जाच आहे. व्याख्या तिथे थांबत नाही. अग्निशस्त्राचे सुटे भाग, ते बनवण्याची यंत्रसामग्री आणि आवाज कमी करण्यासाठी बनवलेली जोडणीसुद्धा तिच्यात येते. सायलेन्सर म्हणजे नुसती जाळ्या घातलेली नळी असं समजून लेथवर तो वळायला घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कलम ५ बनवण्याबद्दल आहे. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, विकणं, हस्तांतर करणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या सगळ्याला मनाई आहे. "विकायचं नाही, स्वतःसाठीच बनवतोय" असा अपवाद त्यात नाही. शिक्षा कलम २५ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत कैद होऊ शकते. एका रविवारच्या जॉबसाठी हा धोका कोणी पत्करू नये.

मग दुकानात एअर रायफल परवान्याशिवाय कशी मिळते? उत्तर शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर असेल, किंवा नळीचा बोअर (आतला व्यास) ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर परवाना लागतो. दोन्ही मर्यादांच्या आतल्या रायफलीला खरेदी करण्यासाठी आणि बाळगण्यासाठी परवान्याची गरज नाही. एक जरी मर्यादा ओलांडली तरी सूट गेली. म्हणून साडेपाच मिलिमीटरची, बाजारात बावीस म्हणून ओळखली जाणारी एअर रायफल कितीही मवाळ असली तरी तिला परवाना लागतो.

२० जूल म्हणजे किती, हे मुलांना मी फळ्यावर करून दाखवतो. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा ८ जूलच्या आसपास येते, आणि १० मीटरच्या नेमबाजीला एवढी पुरते. तोच छर्रा सेकंदाला २७५ मीटरवर गेला की काटा २० जूलला टेकतो. वेगाचा वर्ग होत असल्याने वेग थोडा वाढला तरी ऊर्जा भराभर वाढते. घरी बनवलेल्या यंत्रात मर्यादेच्या आत राहिलो हे कोण मोजणार आणि कोणाच्या प्रमाणपत्रावर? कारखान्यातून आलेल्या रायफलीवर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक ठोकलेला असतो. अशी ओळखखूण नसलेलं शस्त्र विकणं किंवा हस्तांतर करणं कलम ८ ने बंद केलं आहे. आणि मुळात ही सूट खरेदी करणाऱ्याला आणि बाळगणाऱ्याला आहे, लेथवर नळी वळणाऱ्याला ती लागू होत नाही.

निर्मितीचा परवाना असतो, पण तो कारखान्यासाठी असतो आणि केंद्र सरकारच्या पातळीवर मिळतो. जागा, सुरक्षित साठवण, प्रत्येक नगाची नोंद, चाचणीची सोय, सगळं दाखवावं लागतं. छंदासाठी एकच नग बनवायचा, अशासाठी नियमांत वेगळा अर्ज नाही. ज्याला खरंच या धंद्यात उतरायचं आहे त्याने आधी परवानाधारक कारखान्यात नोकरी धरावी. चांगला टर्नर (लेथ चालवणारा) तिथे हवाच असतो.

आता ज्याला रायफलीची खरी ओढ आहे त्याच्यासाठी सरळ रस्ता सांगतो. तो क्लबातून जातो. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. नवख्याला सुरुवातीला स्वतःची रायफल घ्यावी लागत नाही, क्लबच्या रायफलीवर शिकता येतं. सदस्यत्वासाठी फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा तयार ठेवा. बाकीचे कागद आणि फी क्लबच्या कार्यालयात विचारून घ्या. १० मीटरच्या एअर रायफलीत लक्ष्यावरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. मायक्रोमीटरवर जीव असलेल्या माणसाला हा खेळ लगेच भावतो, असा माझा अनुभव आहे. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. ज्यांच्या नावाने अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा भरते ते ग. वा. मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते, हेही मुलांना मी आवर्जून सांगतो.

क्लबचं सदस्यत्व कायद्याच्या दृष्टीनेही वजनदार आहे. परवाना देण्याबद्दलच्या कलम १३ मध्ये एअर रायफलीचा नावानिशी उल्लेख आहे. केंद्र सरकारने परवाना दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सदस्य लक्ष्यसरावासाठी पॉइंट टूटू (०.२२ इंच बोअरची) रायफल किंवा एअर रायफल मागत असेल, तर परवाना द्यावा असं ते कलम सांगतं. अर्थात कलम १४ मधली नकाराची कारणं त्याला लागू असतातच. पण मोठ्या बोअरची एअर रायफल हवी असेल तर फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.

परवाना लागणारी रायफल घ्यायची असेल तर वय २१ पूर्ण हवं. त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणादरम्यान वापरापुरती वेगळी तरतूद आहे, तिची चौकशी क्लबातच करा. वैयक्तिक परवान्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो. सोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, आधार, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, नमुना एस-३ मधलं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, घरी ते कुलूपबंद ठेवण्याची हमी, आणि खेळाडू असाल तर क्लबचं पत्र. प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशात होते आणि त्याला तिथला एक ओळख क्रमांक मिळतो.

गावाकडे हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत आणि त्यांचं मुख्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर आहे. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर वसई-विरार ही वेगळी आयुक्तालयं आहेत. मुलुंड आणि ठाणे यांच्यात एका स्टेशनचं अंतर असलं तरी कार्यालय बदलतं, तेव्हा आपलं पोलीस ठाणं कोणत्या आयुक्तालयात येतं ते आधी बघा.

खरी अडचण पत्त्याची येते. आमच्या गाळ्याशेजारच्या एका मित्राने साडेपाच मिलिमीटरच्या रायफलीसाठी अर्ज केला. त्याच्या आधारवर लालबागच्या चाळीचा पत्ता होता. ती चाळ पुनर्विकासात पाडली गेली होती आणि तो भांडुपला भाड्याने राहत होता. पडताळणीसाठी कागद जुन्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे चाळही नव्हती आणि सांगायला शेजारीही नव्हते. अर्ज कित्येक महिने तसाच पडून राहिला. मुंबईत ट्रान्झिट कॅम्पात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या हजारो लोकांची हीच गत आहे. उपाय सोपा आहे, पण तो अर्जाच्या आधी करायचा असतो. आधारवरचा पत्ता आज राहता तिथला करून घ्या. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार), लाइट बिल आणि सोसायटीचं पत्र एकत्र जोडा. जुन्या घराचा विकासकाशी झालेला करारही मागे लावा, म्हणजे पत्ता का बदलला हे वाचणाऱ्याला कळतं. रेशनकार्ड, पॅन आणि आधारवरची नावाची स्पेलिंगं जुळतात का तेही पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर शंका निघतेच.

पडताळणीला बोलावलं की मूळ कागद घेऊन स्वतः जा. रायफल कशासाठी हवी याचं उत्तर एका वाक्यात आणि खरं द्या. पूर्वी एखादा गुन्हा नोंदलेला असेल, मग तो मिटलेला का असेना, लपवू नका. नोंद त्यांच्यासमोरच असते.

नकार आला तर कारण लेखी मागा. ते लेखी नोंदवणं कायद्याने आवश्यक आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ स्पष्ट सांगतं. चाळीत राहणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम वाचून दाखवतो. कलम १८ खाली अपील करता येतं, मुंबईत ते राज्याच्या गृह विभागाकडे जातं. मुदत ३० दिवसांची असते, म्हणून आदेश हातात पडला ती तारीख लिहून ठेवा. परवाना मिळाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो ५ वर्षांचा असतो.

परवान्यातून सूट असलेली रायफल घ्यायची असेल तर परवानाधारक दुकानातूनच, ओळखपत्र दाखवून आणि अनुक्रमांक लिहिलेलं बिल घेऊन घ्या. रेंजवर नेताना ती बंद पेटीत ठेवा आणि बिलाची प्रत व क्लबचं ओळखपत्र बरोबर असू द्या. सण आणि निवडणुकांच्या काळात मुंबई पोलिसांचे शस्त्रं नेण्याबाबत मनाई आदेश निघतात, घरून निघण्याआधी ते पाहा. सोसायटीच्या गच्चीवर नेम धरू नका. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, मग रायफल कितीही लहान असो. पोपट किंवा घार यांच्यावर छर्रा झाडला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वेगळा लागतो.

त्या मुलाने मग क्लबात नाव घातलं. वहीतलं ते चित्र त्याने स्वतःहून फाडून टाकलं आणि लेथवर वेगळी कामं घेतली. छर्रे अडवणारी तिरप्या पत्र्याची पेटी, लक्ष्याचा कागद पुढे-मागे नेणारी दोरीची गाडी, रायफल टेकवायचं स्टँड. यांतलं काहीही रायफलीचा भाग नाही. पेटीच्या तळाशी त्याने सरकता ट्रे बसवला आहे, कारण साचलेले शिशाचे तुकडे झाडताना धूळ उडते. ट्रे ओल्या फडक्याने पुसायचा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, असं त्याने पेटीवरच लिहून ठेवलं आहे.