हिएलेरा: अमेरिका–मेक्सिको सीमेवरील कोठड्या

मेक्सिको सीमेवर पकडलेल्या किंवा आश्रय मागायला स्वतःहून हजर झालेल्या लोकांना अमेरिकेचे सीमा गस्ती दल ज्या कोठड्यांत ठेवते, त्यांना स्थलांतरित 'हिएलेरा' (स्पॅनिशमध्ये बर्फाची पेटी) म्हणतात. भिंतीलगत काँक्रीटचे बाक, कोपऱ्यात जेमतेम आडोशाचा संडास, रात्रंदिवस चालू दिवे. पलंग नाहीत, कारण ठसे-फोटो-कागदपत्रे उरकण्याच्या काही तासांपुरतीच ही जागा बांधलेली आहे. पट्टा, बुटांच्या नाड्या, जादा कपडे आणि अनेकदा जवळची औषधेही काढून घेतली जातात. पांघरायला चंदेरी मायलारचा (प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदाचा) पातळ तुकडा मिळतो. फरशीतून चढणारा गारठा त्याने अडत नाही.

सीमा विभागाच्या २०१५ च्या नियमावलीनुसार सर्वसाधारणपणे ७२ तासांपलीकडे कोणाला ठेवू नये. मुलांना निदान दर सहा तासांनी जेवण द्यायचे, त्यातले दोनदा गरम. एकट्या आलेल्या मुलांना एरवी ७२ तासांत आरोग्य खात्याकडे सोपवणे २००८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. गाडे अडते ते पुढे. स्थानबद्धता केंद्रांत जागा नसली की माणसे इथेच तुंबतात. मे २०१९ मध्ये टेक्सासमधील एल पासोच्या अशाच एका सीमा केंद्रात १२५ जणांच्या जागेत ९०० जण कोंबलेले सरकारी तपासनिसांना आढळले. १२ जणांच्या कोठडीत ७६. श्वास घ्यायला जागा व्हावी म्हणून काही जण संडासाच्या भांड्यावर उभे होते.

सीमा गस्ती दलाच्या ॲरिझोनातील टुसॉन विभागाविरुद्धच्या दाव्यात फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने बजावले की ४८ तासांपुढे ठेवायचे असेल, तर पलंग, पांघरूण, अंघोळ, पुरेसे अन्नपाणी आणि वैद्यकीय तपासणी द्यावीच लागेल. तरीही मे २०२३ मध्ये टेक्सासमधील हार्लिंजन येथे हृदयविकार आणि सिकलसेल असलेली ८ वर्षांची मुलगी कोठडीत आठवड्याहून अधिक काळ राहून दगावली. रुग्णवाहिका बोलवा, अशी आईची विनवणी कोणी ऐकली नव्हती. आजाराचे कागद हाती असतानाही ते वाचले न जाणे, ही या व्यवस्थेतील सर्वांत घातक चूक आहे.

२०२३ पासून 'विश्वासार्ह भीती' मुलाखतीही अशाच कोठडीतून फोनवर घेतल्या गेल्या. मायदेशी छळ होण्याची भीती खरी वाटते का, हे त्यात ठरते. वकील गाठायला मिळणारा किमान वेळ ४८ तासांवरून २४ वर आणि जून २०२४ मध्ये ४ तासांवर आला. शिवाय अधिकारी आपणहून भीतीबद्दल विचारेनासे झाले, ती स्वतः सांगावी लागू लागली. दोन-तीन रात्री न झोपलेला, अंगात ताप असलेला माणूस तारखा आणि घटनाक्रम चुकवतो, आणि पुढे न्यायाधीशांसमोर तीच विसंगती त्याच्यावर शेकते. म्हणून माम किंवा किचे या ग्वाटेमालातील माया भाषा बोलणाऱ्याने स्पॅनिश दुभाष्यावर भागवू नये आणि आजारपण, जागरण मुलाखतीच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगावे, असे वकील बजावतात.