रोटाव्हायरसची लस आली कुठून?

बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झाल्यावर लसीकरणाला नेलं की इंजेक्शनांबरोबर तोंडावाटे रोटाव्हायरसची लसही देतात. लहान मुलांना जुलाब-उलट्यांनी कोरडं पाडणारा हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी शोधला.

आपल्याकडे सुरुवात दिल्लीच्या एम्समध्ये झाली. १९८०च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला नवजात बाळांमध्ये हा विषाणू सापडला, पण बाळं ठणठणीत होती. पुढेही त्यांना रोटाव्हायरसचे जोरदार जुलाब कमीच झाले. त्या वाणाला ११६ई म्हणतात. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली रोटाव्हॅक ही लस त्याचीच.

या विषाणूची सवय मात्र वेल्लोरमध्ये कळली, आणि मला तेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉ. गगनदीप कांग यांच्या गटाने तिथल्या वस्त्यांमधल्या ३७३ मुलांवर जन्मापासून तीन वर्षं लक्ष ठेवलं. दर पंधरवड्याला शीचा नमुना घ्यायचा, जुलाब लागले की दिवसाआड. साथरोगशास्त्र म्हणजे बरंचसं हेच. मेक्सिकोतल्या अशाच आधीच्या अभ्यासात दोनदा लागण झालेलं मूल पुढच्या मध्यम-तीव्र जुलाबांपासून पूर्ण सुरक्षित राहत होतं. वेल्लोरला तीनदा लागण होऊनही हे संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबलं. जिथे खऱ्या लागणीनेच पुरतं संरक्षण मिळत नाही, तिथे लसीकडून किती अपेक्षा धरायची?

रोटाव्हॅकच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ६,७९९ बाळं होती: दिल्लीची, वेल्लोरची आणि पुण्याजवळच्या वढूची. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांविरुद्ध परिणामकारकता निघाली सुमारे ५४ टक्के. ‘म्हणजे निम्मीच की,’ असं नाक मुरडणाऱ्यांनी मुळात आजारी पडणाऱ्या मुलांची संख्या बघावी. जिथे रुग्ण भरपूर, तिथे निम्मे टळले तरी सलाइनवर जाणारी कितीतरी मुलं वाचतात.

धास्ती वेगळीच होती. अमेरिकेत रोटाशील्ड ही आधीची लस १९९९ मध्ये बाजारातून काढावी लागली होती, कारण काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरून अडकलं. त्यामुळे मार्च २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्रात रोटाव्हॅक सुरू झाल्यावर रुग्णालयांतून अशा बाळांवर मुद्दाम नजर ठेवली गेली. लसीमुळे हा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही.