हाताची शिवण कच्ची असते का?

‘शिलाई मशीन येण्याआधीचे कपडे कच्चे असत, हाताची शिवण लगेच उसवते,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. समज होणं साहजिक आहे. घाईत आपण धावदोराच घालतो आणि तो ताणला की खरंच फाकतो.

पण दोन दोऱ्यांची टीप घालणाऱ्या मशीनचं एलायस हाउ यांचं अमेरिकी पेटंट 1846 चं. त्याआधीचे अंगाबरोबर बसणारे कोट हातानेच शिवलेले, आणि त्यातले कित्येक आजही शाबूत आहेत. शिंपी ताण पाहून टाका निवडत. चुण्यांना धावदोरा, खांद्याला किंवा बाहीच्या जोडाला उलटी टीप. दोऱ्याला मेण लावत, म्हणजे तो कमी पिंजतो.

उलट्या टिपेत सुई प्रत्येक वेळी मागे येऊन पुढे जाते. त्यामुळे वरून ती मशीनसारखी दिसते, पण उलट्या बाजूला टाके एकमेकांवर चढलेले दिसतात, पीळ दिलेल्या दोरीसारखे. जुना कपडा ओळखायची ही माझी आवडती खूण.

घरीच बघा. एकाच कापडाच्या दोन जोड्या घ्या, एकीला धावदोरा घाला, दुसरीला बारीक उलटी टीप. मधला एकेक टाका कापा आणि शिवण दोन्हीकडून ओढा. धावदोरा सरकत जाईल. उलटी टीप बरीच धरून ठेवेल.