काकांची किडनी, वहिनीचे सांधे आणि साकागुची नावाचा माणूस

ठाण्याला नौपाड्यात आमच्या काकांकडे ओट्यावर औषधांचे दोन डबे असतात. एक काकांचा, टॅक्रोलिमसचा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मोबाईलला अलार्म, जरा उशीर झाला की काकू ओरडलीच. दुसरा वहिनीचा, त्यात मेथोट्रेक्सेट, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून डब्यावर मार्करने मोठ्ठं 'रवि' लिहून ठेवलंय. काकांना काकूची किडनी बसवलीय. वहिनीला रुमेटॉईड संधिवात आहे, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, कुकरचं झाकण दादा लावून देतो. म्हणजे काकांच्या शरीराने परक्या किडनीवर तुटून पडू नये म्हणून गोळी, आणि वहिनीचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडलंय म्हणून गोळी. दोन्हीकडे मारामारीत पुढे कोण, तर टी सेल, पांढऱ्या पेशींतला एक प्रकार.

६ ऑक्टोबर २०२५ ला मेडिसिनचं नोबेल जाहीर झालं, त्यात शिमोन साकागुचींचं नाव होतं, काका म्हणाले हा कोण बुवा. म्हणून हे जरा मागे जाऊन.

ट्रान्सप्लांटची बाजू आधी उरकते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांना दुसऱ्याची कातडी लावायचे आणि ती गळून पडायची, पीटर मेडावर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने बघितलं की त्याच माणसाची कातडी दुसऱ्यांदा लावली तर अजून लवकर गळते, म्हणजे शरीराने लक्षात ठेवलेलं असतं. म्हणूनच १९५४ मधे बोस्टनला किडनी टिकली ती हुबेहूब जुळ्या भावाची. बाकीच्यांना औषधांची वाट बघायला लागली, काकांचं टॅक्रोलिमस तर १९८४ मधे जपानात त्सुकुबाजवळच्या मातीतल्या एका जंतूत सापडलं. पण ही औषधं सरसकट सगळ्यांना गप्प करतात, दंगल झाली की अख्ख्या ठाण्यात कर्फ्यू लावावा तसं, त्यामुळे साधी सर्दी झाली तरी काकांना धाकधूक.

आता साकागुची. १९६९ मधे जपानात दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या उंदरांचा थायमस काढला, थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची ग्रंथी, टी सेल तिथेच तयार होतात. टी सेल कमी झाले तर उंदीर मवाळ होईल ना? झालं उलटंच, माद्यांची बीजकोशं खलास झाली, शरीर स्वतःलाच खायला लागलं. साकागुचींनी पुढे क्योटोला शिकताना हे वाचलं, त्यांना ते इतकं लागलं की पीएचडीचं शिक्षण सोडून ते हा प्रयोग झालेल्या नागोयाच्या लॅबमधे गेले (आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर घरात काय झालं असतं ते सोडा). त्यांनी तसल्या उंदरांना निरोगी उंदरांचे टी सेल टोचले, आणि आजार थांबला. म्हणजे टी सेलमधेच काही जण बाकीच्यांना आवरणारे असले पाहिजेत.

इथे नेमकी वेळ वाईट. आधी 'सप्रेसर टी सेल' म्हणून खूप गाजावाजा झाला होता, पण ज्या जीनवर तो सगळा डोलारा होता तो जीन सांगितलेल्या जागी सापडलाच नाही, मग ऐंशीच्या दशकात विषयाचं नावच खराब झालं, कोणी तो शब्द काढेना. साकागुची अमेरिकेत गेले, या लॅबमधून त्या लॅबमधे, पण धागा सोडला नाही. अडचण एकच, आवरणारे टी सेल दिसायला बाकीच्यांसारखेच, ओळखायचे कशावरून? ती खूण द्यायला १९९५ उजाडलं, सीडी२५ नावाचं प्रोटीन. सीडी४ नावाच्या (मदतनीस) टी सेलपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांवर ते असतं. तेवढे काढून उरलेले टी सेल उंदरात घातले की थायरॉईड, पोट, बीजकोश, सगळीकडे आजार, आणि परकी कातडीही जास्त जोरात नाकारली जाते. माझ्या मते सगळ्यात भारी भाग हाच, काका आणि वहिनी पहिल्यांदा एका प्रयोगात आले.

गंमत अशी की काकांना ऑपरेशनच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी बॅसिलिक्सिमॅब नावाचं, किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनचं औषध दिलं होतं, ते नेमकं सीडी२५ लाच जाऊन चिकटतं. भडकलेल्या टी सेलवरही सीडी२५ येतं म्हणून देतात, पण आवरणारेही त्यात सापडतात.

२००१ मधे मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना खपल्या धरून मरणाऱ्या उंदरांमधे फॉक्सपी३ जीन बिघडलेला सापडला, तोच बिघडला की लहान मुलग्यांना आयपेक्स नावाचा भयंकर आजार होतो. दोन वर्षांनी साकागुचींनी दाखवलं की आवरणाऱ्या पेशी घडवणारा जीन हाच. नोबेल तिघांना मिळून.

पुढचा प्रयत्न म्हणजे पेशंटच्याच आवरणाऱ्या पेशी काढायच्या, लॅबमधे वाढवायच्या आणि परत सोडायच्या. किडनीच्या पेशंटवर ट्रायल झाल्या, २०२० मधे आलेल्या एका निकालात पेशी दिलेल्यांना इन्फेक्शन कमी झालेलं दिसलं, पण पेशंट मोजकेच होते. काकांनी लगेच विचारलं, मग माझी गोळी कधी बंद? अहो काका, एवढ्यात नाही. शुक्रवारी टॅक लेव्हलचं, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते बघायचं, रक्त द्यायचंय, सकाळची गोळी रक्त दिल्यावरच, आणि डबा पिशवीत घालून न्यायचा.