कात्रीच्या घराण्यातला नववा गडी

मधुमेहाचे डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी लिहून देतात, तेव्हा त्यांना खरे तर एका कापाकापीचा हिशेब हवा असतो. स्वादुपिंडात आधी 86 अमिनो आम्लांचे प्रोइन्सुलिन तयार होते. मधला 31 आम्लांचा तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन आम्लांचे सांधे कापून काढले की 51 आम्लांचे कामाचे इन्सुलिन उरते. तो मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते त्यावरून कळते.

जठरातले पेप्सिन 1836 पासून ठाऊक होते, पण पचन वेगळे आणि एखादे प्रथिन नेमके कापून जागे करणे वेगळे. असे जागे करणारी एन्झाइमे म्हणजे 'सक्रिय करणारी एन्झाइमे', इथली कात्री. प्रोइन्सुलिन 1967 मध्ये सापडले, तरी ते कापणारी कात्री हाती लागायला वीसेक वर्षे गेली. पहिला धागा 1984 मध्ये मिळाला, तोही यीस्टमध्ये. माणसातले फ्युरिन, तशीच एक कात्री, नंतर ओळखले गेले. त्याच्या नावाचा लोकरीशी काही संबंध नाही. 'फेस' नावाच्या जनुकाच्या वरच्या अंगाला ते जनुक सापडले, त्या जागेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फर' आणि पुढे फ्युरिन.

हीच कात्री विषाणूही वापरतात. बर्ड फ्लूच्या सौम्य प्रकारांचे पेशीत शिरायला लागणारे प्रथिन श्वसनमार्गात आणि आतड्यातच कापले जाते. घातक प्रकारात कापण्याच्या जागी अर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांची रांग लागलेली असते आणि ती फ्युरिनला चालते. फ्युरिन जवळजवळ सगळ्या पेशींत असल्याने कोंबडीचे अंगभर संक्रमण होते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये आलेला बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू याच जातकुळीतला. 2020 मध्ये कोविडच्या विषाणूतही अशी जागा दिसली आणि ती निसर्गात आली की प्रयोगशाळेत, यावरून वाद पेटला. मर्स या श्वसनरोगाच्या आणि सर्दीच्या काही कोरोनाविषाणूंतही ती आहे, जवळच्या वटवाघळी भावंडांत मात्र आढळलेली नव्हती. नुसत्या त्या जागेवरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. तरी त्या वर्षी दोन्ही बाजूंनी तिलाच पुरावा म्हणून नाचवले.

खरा घोळ नावाचा आहे. फ्युरिनच्या या घराण्यात नऊ एन्झाइमे मोजतात आणि नवव्याचे नाव पीसीएसके9. यातले 'पीसी' म्हणजे प्रोप्रोटीन कन्व्हर्टेज, अर्थात कच्चे प्रथिन पक्के करणारे. प्रत्यक्षात हे एन्झाइम आयुष्यात एकदाच कापते, तेही स्वतःला. कापलेला तुकडा त्याच्याच तोंडावर चिकटून बसतो आणि कात्री कायमची मिटते. त्यानंतर ते यकृताच्या पेशींवरच्या एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडणाऱ्या रिसेप्टरला धरते आणि पेशीच्या आत नष्ट व्हायला धाडते, त्यामुळे रक्तातले एलडीएल वाढते. म्हणजे काम जागे करण्याचे नाही, मोडीत काढण्याचे. रचना आणि वंश पाहून नाव दिले हे मान्य, पण 'सक्रिय करणारी एन्झाइमे' या मथळ्याखाली त्याला बसवणे मला तरी दिशाभूल वाटते.

आणि घराण्यातले सगळ्यात गाजलेले औषध नेमके याच गड्यावर निघाले. जन्मतः जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या फ्रेंच कुटुंबांत 2003 मध्ये या एन्झाइमच्या जनुकात त्याचा जोर वाढवणारा दोष सापडला. उलट, या जनुकाची एक प्रत जन्मापासून निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत एलडीएल 28 टक्के आणि हृदयरोग 88 टक्के कमी आढळल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत 2015 मध्ये पीसीएसके9 ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) इंजेक्शने मंजूर झाली. ती कात्री बोथट करत नाहीत, रिसेप्टरला धरणारा हात अडवतात.

फ्युरिनचे तसे जमलेले नाही. फ्युरिन नसलेले उंदरांचे गर्भ अकराव्या दिवसाच्या आसपास मरतात. विषाणूला अडवायला जी कात्री बंद करायची, तिच्यावरच शरीराची कितीतरी प्रथिने अवलंबून आहेत.